नाव ठेवायचे की नावे ठेवायची?

आपल्या मराठीत एका मात्रेने केवढा घोटाळा होतो पाहा. ‘नाव ठेवणे’ हा मंगल सोहळा. त्याला पाळणा लागतो, हरभऱ्याच्या घुगऱ्या लागतात, ओटी लागते आणि मुख्य म्हणजे आत्या लागते. ‘नावे ठेवणे’ याला यांतले काहीच लागत नाही. ते गहू निवडता निवडताही होते. आमच्या बुलढाण्यात दोन्ही कामे सारख्याच उत्साहाने चालतात. गेल्या वर्षी तर आमच्या एकाच घरात दोन्ही एकदम सुरू होती, आणि दोहोंच्या मध्ये मी, म्हणजे आत्या, सापडले होते.

हकीकत अशी. माझा थोरला भाऊ बरीच वर्षे स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळच्या एका गावी नोकरीला आहे. वहिनी तिथलीच, कातालान घराण्यातली. लग्न दोनदा झाले. एकदा तिकडच्या कचेरीत सह्या करून आणि एकदा इकडे अक्षता टाकून. इकडच्या लग्नात ठेचा खाऊन वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आले, तरी तिने ताट बाजूला सारले नाही. एवढ्यावर आमच्या आईने तिला आपली म्हटले. पुढे सारे सुरळीत चालले. मग वहिनीला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात एका रात्री दादाचा फोन आला. पडद्यावर दोघे शेजारी शेजारी बसलेले. दादा म्हणाला, “आई, मुलगी आहे. नाव ठरवतोय आम्ही.”

आई एकदम गप्प झाली. या एका वाक्यात तिला दोन धक्के बसले होते. पहिला असा, की पोटातले मूल मुलगी आहे हे कुणी मोठ्याने सांगावे! आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने हे सांगणे गुन्हा आहे. दवाखान्यादवाखान्यांतून तशा पाट्या लावलेल्या असतात. आणि तो कायदा आमच्या जिल्ह्याला किती लागू आहे हे २०११ च्या जनगणनेने चांगलेच दाखवून दिले. लहान मुलींचे प्रमाण घसरलेल्या जिल्ह्यांत आमचेही नाव वरच्या बाजूला होते. तिकडे मात्र मुलगी आहे असे कळले, की लोक गुलाबी लोकर आणून विणायला बसतात. आईला हे पचायला वेळ लागला, पण पचल्यावर ती मला हळूच म्हणाली, “आधी कळूनही आनंदच झाला बघ त्यांना.”

दुसरा धक्का जास्त मोठा होता. मूल जन्मायच्या आधी नाव? आमच्याकडे बाळाचे झबलेसुद्धा आधी विकत आणत नाहीत; कुणाचे तरी जुने, धुवून मऊ झालेले वापरतात. बारावा दिवस उजाडेपर्यंत ते नुसते ‘बाळ’ असते. तिकडे पोटातल्या मुलाशी नाव घेऊन गप्पा मारण्याची पद्धत. “दृष्ट लागेल,” आई म्हणाली. दादा म्हणाला, “आई, इथे दवाखान्यातूनच बाहत्तर तासांत जन्माचा कागद नोंदणी कचेरीकडे जातो. त्यावर नाव लिहायचं असतं. बाराव्या दिवसापर्यंत थांबलं तर कागदच अडेल.”

आपल्या कायद्याची या बाबतीत मोठी माया आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नुसता जन्म नोंदवता येतो, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतरही थोडे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत सवड असते. हा कायदा करणाऱ्यांच्या घरात आत्या नक्कीच पुष्कळ असाव्यात.

असो. तर तिकडून नाव आले ते ‘दोलोरेस’. वहिनीच्या आजीचे नाव. तिकडे पणतीला पणजीचे नाव देणे हा मोठा मान समजतात. आईने विचारले, “आजी आहेत ना अजून?” आहेत, चांगल्या खुटखुटीत आहेत, रोज बाजारातून स्वतः मासळी आणतात. “मग जित्या माणसाचं नाव कसं ठेवायचं?” आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला मिळते, पण बहुधा आजोबा गेल्यावर. त्यात व्यवहारही आहे. सासऱ्यांचे नाव मुलाला ठेवले, तर सुनेने त्याला रागावून हाक कशी मारायची? जुन्या बायका अशा मुलाला जन्मभर ‘बाळ’ नाहीतर ‘बाबू’ म्हणत राहिल्या त्या यामुळेच. स्पेनमध्ये ही अडचण नाही. तिथली सून सासूच्या नावाच्या मुलीला खुशाल दटावते आणि सासू शेजारी बसून हसते.

मग अर्थ निघाला. दोलोरेस म्हणजे वेदना, दुःखे. हे ऐकल्यावर आई जी उठली ती थेट देवघरात गेली. तिच्या बाजूने मीच वहिनीला विचारले, की अहो, तान्ह्या पोरीला ‘दुःखे’ म्हणून हाक मारायची? तेव्हा वहिनीने जे सांगितले, ते मला फार मोलाचे वाटले.

स्पॅनिश बायकांची निम्मी जुनी नावे ही मेरीमातेची बिरुदे आहेत. पूर्ण नाव ‘दुःखांची मारिया’, पुत्रशोक सोसलेली आई. त्यातली ‘मारिया’ बोलण्यात गळते आणि मागे ‘दोलोरेस’ राहते. पिलार म्हणजे खांब. सारागोसाच्या देवळातल्या खांबावरच्या मातेचे ते नाव. सोलेदाद म्हणजे एकांत, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, रोसारिओ म्हणजे जपमाळ. मेर्सेदेस म्हणजे कृपा. हो, ती मोटार! एमिल येलिनेक नावाच्या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याने आपल्या लेकीचे हे स्पॅनिश नाव गाडीला दिले, १९०१ च्या सुमारास. रस्त्यातून एखादी मर्सिडीज धूळ उडवीत गेली, की आता मी मनात ‘कृपाबाई गेल्या’ असे म्हणते.

आपल्याकडे रेणुका, अंबा, तुळजा ही नावे याच वाटेने घरात आली. आणि दुःखाचे म्हणाल तर आपल्या नावांत काय कमी दुःख आहे? मुले जगत नाहीत म्हणून दगडू, धोंडू, केरबा. यमाला वाटावे की हा दगडच आहे, हा केरच आहे, आणि त्याने हात लावू नये. त्यांत निदान जीव लावलेला असतो. पण ‘नकोशी’? २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकोशींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली, तेव्हा सगळ्या देशाला कळले की आपण लेकींना काय म्हणून हाका मारीत होतो. दोलोरेस त्यामानाने कितीतरी बरे. ते दुःख आईचे आहे, मुलगी झाल्याचे नव्हे.

आणि या नावामागे आणखी एक गोष्ट होती. वहिनीच्या आजीबाई घरात कधीच दोलोरेस नव्हत्या. कातालान भाषेत त्या ‘दोलोर्स’. पण त्यांचा जन्म फ्रँकोच्या राजवटीतला. त्या काळी सरकारी कागदावर कातालान किंवा बास्क नाव चालत नसे. नाव कास्तिलियन स्पॅनिशमध्येच लिहावे लागे. तो कायदा बदलला १९७७ साली, फ्रँको वारल्यानंतर. म्हणजे या बाईंना आपलेच नाव आपल्या भाषेत लिहायला उमर निम्मी जावी लागली. वहिनी म्हणाली, “आजीला मी विचारलं, की बाळाचं नाव दोलोर्स ठेवू का. ती म्हणाली, नको. कागदावर जे माझं होतं तेच ठेव, म्हणजे आपल्यात काय चुकलं होतं ते कुणीतरी विचारील.” यावर आमच्या घरात कुणी काही बोलले नाही.

आता आमची बाजू ऐका. आईच्या मनात नाव पहिल्या दिवसापासून एकच: जिजा. यात नवल नाही. सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यात. १२ जानेवारीला तिथे माणसांचा जो पूर येतो तो ज्याने पाहिला असेल, त्याला बुलढाण्याच्या आजीने नातीसाठी दुसरे नाव का सुचवले नाही हे सांगावे लागणार नाही. लखुजी जाधवांच्या त्या लेकीचे नाव आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माझी पणजीही जिजाच होती.

पण रोमन लिपीत ‘जिजा’ लिहून स्पॅनिश माणसापुढे ठेवा, तो काय वाचेल? ‘खिखा’! त्यांच्या स्पॅनिशमध्ये ते अक्षर ख आणि ह यांच्या मधल्या आवाजात, घसा खाकरल्यासारखे उच्चारतात. कातालानमध्ये तेच अक्षर ‘झ’ होते. वहिनीच्या गावात दोन्ही भाषा चालतात. म्हणजे अर्धी शाळा पोरीला ‘झिझा’ म्हणणार आणि अर्धी ‘खिखा’. दादा या दुःखातून गेलेला आहे. त्याचेही नाव ‘ज’वरून. बँकेत नंबर आला म्हणून बाई त्याला ‘ह’ने पुकारत राहतात आणि हा ढिम्म बसून राहतो, असे सुरुवातीला कितीदा तरी झाले. मी शिक्षिका आहे. हजेरी घेताना एखाद्या नावाशी आपण अडखळलो, की ते मूल उभे राहण्याआधी वर्गाकडे बघते. ते बघणे मला ठाऊक आहे. तेव्हा ‘लोक आपोआप शिकतील’ हे दादाच्या मित्रांचे म्हणणे मला पटेना. लोक शिकतात, पण तोवर पोर मोठी झालेली असते.

आईला मात्र यात एक वेगळीच गंमत सापडली. स्पॅनिशमध्ये मुलीला, लेकीला, ‘ईखा’ म्हणतात. “म्हणजे खिखा म्हटलं तरी लेकच म्हटल्यासारखं की!” ती म्हणाली. विरोधी पक्षाचा मुद्दा आपल्या बाजूला वळवण्यात आईचा हात कुणी धरणार नाही.

मग आम्ही नणंदभावजयींनी एक उद्योग केला. रोज संध्याकाळी, तिकडे दुपार असताना, मी एक मराठी नाव सांगायचे आणि वहिनीने ते त्यांच्या कानाला कसे लागते ते सांगायचे. एका महिन्यात माझे जे शिक्षण झाले, ते मागच्या वीस वर्षांत झाले नव्हते! ‘माला’ म्हणजे तिकडे ‘वाईट बाई’. ‘लता’ म्हणजे पत्र्याचा डबा. ‘तारा’ म्हणजे वैगुण्य, खोट. ‘सीमा’ म्हणजे खोल दरी. ‘मोना’ म्हणजे माकडीण. तिथे लाडाने म्हणतात म्हणे, पण लाड कोण समजून घेणार? ‘पूजा’ लिहिले तर वाचणार ‘पुखा’, आणि त्याचा अर्थ लिलावातली बोली. ‘गीता’ची ‘खीता’ होते. ‘श’ त्यांना नाही, म्हणून ‘आशा’ची ‘आसा’, आणि आसा म्हणजे कपाचा कान. शब्दाच्या आरंभी स-ला दुसरे व्यंजन जोडलेले त्यांच्या जिभेला झेपत नाही. आधी एक ‘ए’ लागतो. त्यामुळे स्मिता ‘एस्मिता’ आणि स्नेहल ‘एस्नेहाल’. उलट ‘कांता’ म्हणजे ‘ती गाते’, आणि ‘मीरा’ म्हणजे ‘बघ’. बाजारात, बसमध्ये, रस्त्यात जो तो दुसऱ्याला ‘मीरा, मीरा’ म्हणत असतो. मुलगी दिवसभर वळून वळून थकली असती.

नात्यांच्या शब्दांनी तर आणखी बहार केली. मामा म्हणजे तिकडे आई. आणि ‘काका’ म्हणजे... आता हे दिवाळी अंकात कसे लिहावे? तान्ही मुले जी ‘शी’ करतात, तिला तिकडचे लोक काका म्हणतात. आमचे धाकटे काका त्या दिवशी नेमके घरी होते. ते म्हणाले, “मी आता आजोबाच होईन, काका राहू द्या.” पण आत्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ठाऊक आहे? ‘तीआ’. आत्या–तीआ! दोन्ही शब्दांच्या वंशावळी वेगळ्या असतील, असोत. मी त्याच दिवशी वहिनीला बजावले, की बाळाला दोन्हींतले जे आधी येईल ते बोलू दे.

त्यांच्या नावांचीही परीक्षा आमच्या ओट्यावर झाली. एस्पेरान्सा म्हणजे आशा, एस्त्रेया म्हणजे तारका, आल्मा म्हणजे आत्मा, लूथ म्हणजे प्रकाश. शेजारच्या मावशींनी एस्पेरान्सा ऐकून विचारले, “हे तं औषधाचं नाव वाटते वं बाई, दिवसातून किती बार घ्याचं?” त्या यादीतले मला स्वतःला फार आवडले ते लूथ. एक तर बाळ आश्विनात येणार होते. दुसरे म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘बाळंत होणे’ यासाठी जो शब्दप्रयोग आहे, त्याचा सरळ अर्थ ‘प्रकाशाकडे देणे’ असा होतो. केवढी सुंदर कल्पना! पण लूथमधला तो थ जीभ दातांत धरून काढावा लागतो, आणि आईची वरची कवळी ती परवानगी देत नाही. आजीला घेता येत नाही ते नाव नातीला ठेवून काय करायचे? लुसिया या तिकडच्या अत्यंत आवडत्या नावाचीही तीच गत. तिचा त्यांच्याकडला उच्चार ‘लुथीआ’.

परके नाव म्हटले की आपल्याकडे लगेच कपाळाला आठ्या पडतात. पण नावे काही व्हिसा काढून येत नाहीत. मुंबईच्या ‘झेवियर्स’ कॉलेजचेच पाहा ना. १८६९ पासून आपण ते नाव बिनदिक्कत घेतो आहोत. हे नाव स्पेनमधल्या नावारा प्रांतातल्या एका गढीचे. सेंट फ्रान्सिस तिथे १५०६ साली जन्मला म्हणून झेवियर. आजचे स्पॅनिश लोक त्याला ‘खाबिएर’ म्हणतात, आणि मूळ बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’. म्हणजे आपल्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर शोभावे असे हे नाव! गोव्यात आणि वसईत किती घरांतून ते नांदते आहे. वसईची माणसे लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज अशा आडनावांनी अस्सल मराठी बोलतात. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ते वसईचेच. ही आडनावे पोर्तुगीज, म्हणजे स्पॅनिशची सख्खी चुलत भावंडे. आणि उलट्या दिशेनेही नावे गेली आहेत. १९२४ साली रवींद्रनाथ आर्जेन्टिनात आजारी पडले, तेव्हा व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने त्यांची शुश्रूषा केली. रवींद्रनाथांनी तिच्या नावाचा सरळ अनुवाद केला आणि तिला ‘विजया’ म्हणू लागले. ‘पूरबी’ हा संग्रह त्यांनी त्या विजयेलाच अर्पण केला आहे.

पण आमच्या आईचे मन वळले ते टागोरांमुळे नव्हे, आपल्याच विदर्भातल्या एका माणसामुळे. पांडुरंग खानखोजे मूळचे वर्ध्याचे. इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी ऐन तारुण्यात देश सोडून गेले, अमेरिकेतल्या गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते, आणि पुष्कळ देश पालथे घालून अखेर १९२० नंतरच्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. मेक्सिकोची भाषा स्पॅनिश. तिथे चापिंगोच्या कृषिविद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात त्यांचा चेहरा रंगवून ठेवला आहे. पत्नी बेल्जियन, जेन सिंदिक. घरात स्पॅनिश, बाहेर स्पॅनिश, मायदेशी परतायला इंग्रज सरकारची बंदी. अशा घरात दोन मुली झाल्या. त्यांची नावे काय ठेवली असतील? सावित्री आणि माया!

मी हे वाचून दाखवले तेव्हा आईने चष्मा काढून ठेवला. जो माणूस आपला देश पुन्हा दिसेल की नाही हे जाणत नव्हता, त्याने रोज उठून निदान हाक तरी मराठी मारायची असे ठरवले असावे, असे तिला वाटले. मला त्यात आणखीही काही दिसते. सावित्रीची तिकडे ‘साबित्री’ होते, कारण स्पॅनिश माणूस व आणि ब यांत भेद करीत नाही. पण तेवढा फरक कुणाच्या कानाला खुपत नाही. आणि माया हे तर मेक्सिकोतल्या प्राचीन लोकांचेच नाव. वडिलांच्या मनात तसे होते की नव्हते, कोण सांगणार? पण मुलगी दोन्हीकडे घरचीच वाटावी असे ते नाव आहे. खानखोजे १९५५ साली नागपूरला परतले आणि १९६७ साली तिथेच वारले. सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला.

मग आम्हाला कसे नाव हवे ते कळले. बुलढाण्यात सोपे, बार्सिलोनात सोपे, आणि दोन्हीकडे अर्थ चांगला. हल्ली लोक मोबाइलमधून नावे काढतात आणि अर्थ विचारला तर ‘वेगळं आहे’ एवढेच सांगतात. नाव वेगळे असण्यात काय मोठेपणा आहे ते मला अजून समजलेले नाही.

एका संध्याकाळी मी वहिनीला विचारले, “रमा?” ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “आमच्यात ‘रामा’ म्हणजे झाडाची फांदी.” मी आईला हाक मारून सांगितले. लक्ष्मीचे नाव, आश्विनातले बाळ, आणि तिकडे वंशाची फांदी! आईने जिजाचा आग्रह तिथल्या तिथे सोडला असे मात्र समजू नका. तिने अट घातली, की कागदावर काहीही लिहा, पाळण्यात आत्या कानात ‘जिजा’ही सांगणार. आपल्याकडे कानात चार नावे सांगायची रीत आहेच. आणि त्यांच्या कायद्यातही दोन साधी नावे चालतात. फक्त मुलाची अप्रतिष्ठा होईल असे नाव नको, असा दंडक आहे. तेव्हा दोलोरेसही राहिली. रमा दोलोरेस.

आडनावाचे काय, हा प्रश्न काकांनी काढला. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक बापाचे आणि एक आईचे. बाई लग्नानंतरही माहेरचेच आडनाव लावते. पूर्वी बापाचे आधी येई. २०१७ पासून कोणते आधी लावायचे ते आईबापांनी एकमताने ठरवायचे. पाब्लो रुईस पिकासो यातला रुईस बाप आणि पिकासो आई; जग त्या चित्रकाराला आईच्या आडनावाने ओळखते. कवी गार्सिया लोर्काचेही तेच, लोर्का आईकडचे. काकांना हे जरा जडच गेले. मी म्हटले, “काका, या हिशेबाने महाराजांचं नाव ‘शिवाजी भोसले जाधव’ झालं असतं. सिंदखेडला वाईट वाटलं असतं का?” काका हसले. आणि आपण तरी मागे कुठे आहोत? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव बापाच्या नावाआधी घालायला लावलेच आहे की.

बाळ आले, कागद बाहत्तर तासांत गेला, आणि बाराव्या दिवशी पडद्यावर बारसे झाले. इकडे रिकाम्या पाळण्यात आईने माझ्या लहानपणीची बाहुली निजवली होती. तिकडे दादाने बाळाच्या कानाशी फोन धरला. मी ‘कुर्रर्र’ केले आणि नावे सांगितली, तशी शेजारपाजारच्या बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले, की ते बार्सिलोनाला ऐकू गेले. तिकडच्या पणजीबाई कॅमेऱ्यात डोकावून बघत होत्या. त्यांनी मोठ्याने ‘र्रामा!’ म्हटले. आरंभीचा र तिकडे असा खणखणीत वाजवतात. “अगं बाई, ‘रामा’ काय म्हणतात, गडी आहे का तो?” असे मावशी म्हणाल्या, पण ते नुसतेच नावे ठेवणे होते, म्हणून मी भाषांतर केले नाही.

या दिवाळीला सारी मंडळी इकडे येणार आहेत. रमाबाईंचे कान तिकडच्या पद्धतीप्रमाणे आधीच टोचून झाले आहेत, त्यामुळे आई फार खूश आहे. चांदीची वाटी आणायला मी परवा खामगावला गेले होते. चांदी घ्यावी ती खामगावचीच, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. नाव घालणारे गृहस्थ अक्षरामागे पैसे घेतात. मी त्यांना सगळी कथा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, वाटी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “दोलोरेसला काना-मात्रा पुष्कळ आहेत. ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात घालतो. पुढं ‘रमा’ घालू ना?”

मी ‘घाला’ म्हटले.